आयएल्ट्स रायटिंगच्या टास्क वनमध्ये इमारतीचा आराखडा आला की या चुका टाळा

आयएल्ट्स म्हणजे परदेशी शिक्षणासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा. तिच्या अकॅडेमिक रायटिंगमधला पहिला प्रश्न, टास्क वन, म्हणजे दिलेलं चित्र, आलेख किंवा आराखडा बघून वर्णन लिहायचं. रविवारच्या बॅचला मी अकरा जणांना असाच एक प्रश्न दिला. एका वाचनालयाचा तळमजला, वीस वर्षांपूर्वीचा आणि आजचा. अकरापैकी आठ वह्यांमध्ये उत्तर दारातून सुरू झालं. आत शिरा, डावीकडे चौकशी, उजवीकडे वाचनकक्ष, समोर जिना. जुना आराखडा असा संपला की पुन्हा दारात यायचं आणि नव्या आराखड्यात तोच फेरफटका. नागपूरच्या धरमपेठेत आयएल्ट्स शिकवायला लागल्यापासून ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की पहिल्या ओळीवरूनच पुढची वही कशी असेल ते कळतं.

प्रश्नात तुलना मागितलेली असते. काय बदललं, काय तसंच राहिलं, एवढंच. अख्खी जुनी इमारत सांगून मग अख्खी नवी सांगितली, तर तुलना करण्याचं काम वाचणाऱ्यावर पडतं आणि तिथेच मार्क जातात. त्यातून ओव्हरव्ह्यू नसेल तर उरलेली इंग्रजी कितीही चांगली असो, टास्क अचीव्हमेंटमध्ये, म्हणजे प्रश्नात मागितलेलं किती दिलं याच्या मार्कांत, नऊपैकी ७ बँड मिळत नाही. ओव्हरव्ह्यू म्हणजे दोन वाक्यं: मोठा बदल कोणता आणि ठळकपणे कायम काय राहिलं. कोणत्या खोलीचं काय झालं ते तिथे नको. मी मुलांना खुर्ची मागे सरकवून दोन्ही चित्रांकडे लांबून बघायला लावतो. लांबून जे दिसतं ते ओव्हरव्ह्यूमध्ये, जवळ गेल्यावर दिसतं ते पुढच्या परिच्छेदांत.

लिहिण्याआधी माझी एक सवय आहे, पटली तर घ्या. रफ कागदावर खोल्यांची नावं लिहायची आणि त्यांच्यापुढे खुणा करायच्या. तसंच राहिलं त्याला टिक, गेलं त्याला काट, नवीन आलं त्याला गोल, जागा बदलली त्याला बाण. टास्क वनच्या वीसपैकी चार मिनिटं यात जातात. पोरं म्हणतात, ‘सर, एवढा वेळ कुठून आणू?’ ही चार मिनिटं वाचवणारेच शेवटी खाडाखोड करत बसतात.

आता एक प्रसंग सांगतो, कारण यात तीन चुका एकत्र आहेत. हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करणारा एक मुलगा आला होता. मेकॅनिकल इंजिनीअर, आयर्लंडला एमएससाठी जायचं होतं. रायटिंगला ६.५ हवे होते, मिळाले ५.५. म्हणाला, ‘सर, माझं ग्रामर तर बरं आहे, मंग मार्क काऊन कटून राहिले?’ ग्रामर खरंच बरं होतं. मी त्याला एका स्पोर्ट्स सेंटरचा आराखडा दिला, उत्तर लिहून घेतलं आणि बॅचमधल्या एका मुलीला फळ्यापाशी उभं केलं. तिने तो आराखडा पाहिलेला नव्हता. मी त्याचं उत्तर मोठ्याने वाचत गेलो आणि ती ऐकून चित्र काढत गेली.

पहिलं वाक्य: ‘द गार्डन इज इन द नॉर्थ ऑफ द बिल्डिंग.’ तिने इमारतीच्या आतच, वरच्या बाजूला बाग काढली. तो जागेवरून म्हणाला, ‘अगं, बाग बाहेर आहे!’ पण त्याने लिहिलं होतं ‘इन’. आपण मराठीत दोन्हीला ‘उत्तरेला’ म्हणतो म्हणून हा घोळ होतो. जरीपटका नागपूरच्या उत्तर भागात आहे, तिथे ‘इन द नॉर्थ ऑफ’. कोराडी नागपूरच्या बाहेर उत्तरेला आहे, तिथे ‘टू द नॉर्थ ऑफ’. हे दोन पत्ते डोक्यात ठेवले की चूक होत नाही.

पुढे ‘द कॅफे रिप्लेस्ड द शॉप’. तिने दुकान पुसून कॅफे काढला. खरं तर कॅफे जाऊन दुकान आलं होतं. हवं होतं ‘वॉज रिप्लेस्ड बाय’. आणि शेवटी ‘द हॉल वॉज डिमॉलिश्ड’. तिने डस्टरने अख्खा हॉल पुसला. प्रत्यक्षात फक्त मधली भिंत काढून दोन हॉल एक केले होते. तो मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. त्यानंतर लिहिलेलं प्रत्येक उत्तर तो रूममेटला वाचून दाखवायचा आणि चित्र काढायला लावायचा. अडीच महिन्यांनी पुन्हा परीक्षा दिली, ६.५ आले.

काळाची चूक सोपी आहे, तरी होतेच. आराखड्याखालची वर्षं आधी वाचा. दोन्ही वर्षं मागची असतील तर साधा भूतकाळ, ‘वॉज कन्व्हर्टेड इन्टू’. दुसरा आराखडा आजचा असेल तर ‘हॅज बीन कन्व्हर्टेड इन्टू’. प्रस्तावित असेल तर ‘विल बी’.

उत्तर दिशेचा बाण दिलेला नसेल तर दिशा लिहू नका, डावी-उजवी बाजू लिहा. ‘मोकळं वाटावं म्हणून भिंत काढली’ अशी कारणं मनाने जोडू नका. प्रश्नातलं वाक्य उतरवून काढू नका. किमान १५० शब्द लागतात. १७०–१८० पुरे, कारण टास्क टूला, म्हणजे निबंधाला, दुप्पट वजन आहे आणि त्याचा वेळ इथे खर्च करणं परवडत नाही.

पाठ केलेल्या साच्यांबद्दल मात्र मला मनापासून राग आहे. एका भिंतीचा बदल आणि सुरुवातीलाच ‘ड्रॅमॅटिक ट्रान्सफॉर्मेशन’. परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना ‘सर, फक्त टेम्प्लेट द्या’ म्हणत येणाऱ्यांना मी परत पाठवतो. समोरचं चित्र न बघता लिहिण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला पंधरा दिवस पुरत नाहीत.

सराव घरूनच करा. नागपुरात जुनी घरं पाडून फ्लॅट स्कीमा झाल्या, पण अजून बऱ्याच घरांत नुसते फेरफार झालेले आहेत. महालातल्या एका मुलीने आजोबांच्या घरावर लिहिलं होतं. समोरची छपरी बंद करून आईची शिलाईची खोली केली, त्याला तिने लिहिलं ‘हॅज बीन एन्क्लोज्ड’. कोठीतून संडास-बाथरूम निघालं, अंगणाच्या अर्ध्या भागात गाडी उभी राहायला लागली. सगळं बरोबर होतं, पण नळाजवळचं कडुनिंबाचं झाड राहून गेलं. मी समासात लिहून दिलं: झाड तिथेच आहे ना? मग ‘रिमेन्स अनचेंज्ड’.