रिसेप्शनचा गोडवा ठरवताना

आमच्याकडं कोल्हापुरात रिसेप्शनला तांबडा-पांढरा रस्सा असेल, तर केक फक्त कापण्यापुरता घ्या. रस्सा ओरपून झाल्यावर माणसाला गार काहीतरी लागतं. क्रीमचा तुकडा निम्मा ताटात राहतो, बघा.

केक कापायचाच असेल तर दोन किलोचा पुरे. एका किलोत साधारण दहा जण खातात. बिनअंड्याचा सांगा, म्हणजे आजी-आत्याही खातील. लग्न मे महिन्यात लॉनवर असेल तर फ्रेश क्रीम नकोच, स्टेजवरच्या दिव्यांखाली फुलं घसरायला लागतात. बटरक्रीम जरा तग धरतं. तरीही नवरा-नवरी स्टेजवर आल्यावरच फ्रिजमधनं काढायला सांगा.

पंगतीला मात्र बासुंदी. नरसोबाच्या वाडीची बासुंदी प्रसिद्धच, पण ऑर्डर देण्याआधी वाटीभर चाखा: चमच्याच्या पाठीला साय चिकटली पाहिजे, पिठूळ लागली तर दुसरा हलवाई बघा. गार करूनच वाढायची. थंडीतलं लग्न असेल तर गरम जिलेबी. कढई मांडवातच लावा, पाहुणे स्वतःहून रांग लावतात.

आणि आचाऱ्याला वाट्यांचा आकार आधीच दाखवून ठेवा. मोठ्या वाट्या आल्या की शेवटच्या पंगतीला नुसतं भांडं खरवडावं लागतं.