स्वेलिंक वाजवण्याआधी हार्पसिकॉर्ड लावा: मीनटोनची कृती आणि तिच्यातून दिसणारं विश्लेषण

१६०० च्या आसपासची रचना आजच्या पियानोवर वाजवून तिचं विश्लेषण करायला बसलात, तर पहिलं पाऊलच चुकतं. पियानोवर सगळे अर्धस्वर सारखे, प्रत्येकी १०० सेंटचे (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग). आम्स्टरडॅमच्या औडे केर्कचा ऑर्गनवादक यान पीटरझोन स्वेलिंक (१५६२–१६२१) याच्या काळी कीबोर्डची वाद्यं, हार्पसिकॉर्डसुद्धा (पट्टी दाबली की तार छेडली जाते ते वाद्य), बहुधा मीनटोन नावाच्या लावणीत लावली जात. मीनटोनमध्ये अर्धस्वर दोन जातींचे असतात: मोठा ११७ सेंटचा आणि लहान ७६ सेंटचा. स्वेलिंकची ‘फँटसिया क्रोमॅटिका’ तर अर्धस्वरांच्या उतरणीवरच उभी आहे. दोन्ही अर्धस्वर सारखे करून टाकले, की त्या उतरणीतला जीवच जातो. म्हणून आधी सूर लावायचा, मग वाजवायचं आणि त्यानंतर विश्लेषणाची वही उघडायची.

कान तयार करा

मराठी वाचकाला इथं मोठा फायदा आहे. तंबोरा नीट लागला आणि जवारी बसली, की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, म्हणजे ५:४ चा शुद्ध गंधार. टेम्पर्ड (सगळे अर्धस्वर सारखे केलेल्या) हार्मोनियमचा गंधार ४०० सेंटवर, जवळजवळ १४ सेंट चढा. मीनटोनची सगळी मांडणी तंबोऱ्यातला हा गंधार कीबोर्डवर आणण्यासाठी आहे. वाद्याला हात लावण्याआधी पाच मिनिटं तंबोरा ऐका आणि तो गंधार गुणगुणून पाहा.

या गंधाराची किंमत पंचमाला द्यावी लागते. सी, जी, डी, ए, ई असे चार शुद्ध पंचम (प्रत्येकी ७०२ सेंट) एकावर एक रचले, तर शेवटी येणारा ई शुद्ध गंधारापेक्षा २१.५ सेंट चढा निघतो. हा फरक म्हणजे कॉमा. तो चौघांत वाटायचा. प्रत्येक पंचम ५.४ सेंटनी आखूड करायचा, की तो ६९६.६ सेंटचा होतो आणि ई शुद्ध बसतो. इटालियन संगीतशास्त्रज्ञ पिएत्रो आरोनने १५२३ मध्ये हीच दिशा सांगितली: सी-ई आधी गोड लावा, मग मधले पंचम किंचित उतरवा. जर्मन संगीतकार मिखाएल प्रेटोरियसने १६१९ मध्ये कीबोर्डच्या वाद्यांसाठी ही लावणी सविस्तर लिहून ठेवली.

असे अकरा पंचम लावले की बारावा उरतो तो जी शार्प आणि ई फ्लॅट (शार्प म्हणजे चढवलेला, फ्लॅट म्हणजे उतरवलेला स्वर) यांच्यामधला, ७३८ सेंटचा, म्हणजे शुद्ध पंचमापेक्षा ३६ सेंट मोठा. तो अक्षरशः ओरडतो, म्हणून त्याला ‘लांडगा’ म्हणतात. लांडगा हाकलता येत नाही. तो कुठे बसवायचा एवढंच आपल्या हातात असतं.

प्रत्यक्ष लावणी

हार्पसिकॉर्डवर ‘आठ फुटी’ म्हणवल्या जाणाऱ्या (लिहिलेल्या उंचीवरच वाजणाऱ्या) तारांचा एकच संच चालू ठेवा, बाकीचे बंद करा. ४१५ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घ्या. (४१५ ही आजची सोय आहे, ४४० पासून साधारण एक अर्धस्वर खाली. जुन्या काळी गावोगावी पट्टी वेगळी असे.) चावी खुंटीवर बसवली, की तार छेडत अगदी हलका ताण द्या आणि आपण योग्य खुंटीवर आहोत याची खात्री करा. तार तुटते ती बहुतेक वेळा शेजारची खुंटी पिळल्यामुळेच. सूर नेहमी खालून वर आणून थांबवा. वरून खाली सोडलेली तार थोड्या वेळाने आणखी उतरते.

दोन स्वर जवळजवळ जुळले, की आवाजात लाटा येतात. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना विस्पंद म्हणतात. आपल्याला त्या मोजायच्या आहेत. पंचमातल्या लाटा वरच्या स्वराच्या एक सप्तक वर ऐकू येतात, चौथ्यातल्या (सा-मध्यम अंतरातल्या) खालच्या स्वराच्या दोन सप्तकं वर आणि गंधारातल्या वरच्या स्वराच्या दोन सप्तकं वर. कान तिथं न्या. मूळ स्वरांवर कान ठेवलात तर काहीच कळत नाही.

१. फोर्कने मधल्या सीच्या वरचा ए लावा. त्याचा खालचा ए सप्तकात शुद्ध करा, एकही लाट नको.

२. या खालच्या एपासून त्याखालचा एफ लावा. एफ-ए शुद्ध गंधार हवा, लाटा पूर्ण थांबेपर्यंत. पुढचं सगळं या एका गंधारावर उभं राहतं, तेव्हा इथं घाई करू नका.

३. एफ आणि मधला सी हा पंचम आधी शुद्ध करा, मग सी किंचित उतरवा. १० सेकंदांत साधारण १५ लाटा.

४. मधला सी आणि त्याखालचा जी. आधी शुद्ध, मग जी उतरवा. १० सेकंदांत २३ लाटा.

५. तो जी आणि मधल्या सीच्या वरचा डी. आधी शुद्ध, मग डी उतरवा. १० सेकंदांत १७ लाटा.

६. आता परीक्षा. डी आणि खालचा ए एकत्र वाजवा, कशालाही हात न लावता. १० सेकंदांत २६ लाटा आल्या तर काम जमलं. लाटा फार जलद असतील तर सी, जी, डी पुरेसे उतरवले नाहीत. संथ असतील किंवा थांबल्याच असतील, तर जास्त उतरवले. एकट्या डीला ढकलून हिशेब जुळवू नका, पायरी ३ पासून तिघांमध्ये चूक वाटून घ्या.

इथं सर्रास होणारी चूक म्हणजे स्वर उतरवण्याऐवजी चढतो. लाटा दोन्ही बाजूंना सारख्याच येतात, म्हणून पत्ता लागत नाही. शंका आली तर नवा स्वर केसभर चढवा. लाटा मंदावल्या तर आपण बरोबर, म्हणजे खालच्या, बाजूला होतो. वाढल्या तर चुकीच्या.

आता अवघड भाग संपला. उरलेले सात स्वर शुद्ध गंधारांनीच लागतात: सीवरून ई, जीवरून बी, डीवरून एफ शार्प, एवरून सी शार्प, ईवरून जी शार्प. मग खाली उतरत डीच्या खालचा बी फ्लॅट आणि जीच्या खालचा ई फ्लॅट. सगळीकडे लाटा शून्य. बारा स्वर झाले की पंचम तपासा: ई-बी, बी-एफ शार्प, एफ शार्प-सी शार्प, सी शार्प-जी शार्प, बी फ्लॅट-एफ, ई फ्लॅट-बी फ्लॅट. सगळे सौम्य डोलले पाहिजेत. यातला एखादा ओरडला तर त्याच्या गंधाराची पायरी पुन्हा करा. जी शार्प-ई फ्लॅट एवढाच ओरडायला हवा. मग सप्तकांनी वर-खाली पसरा आणि शेवटी दुसरा संच पहिल्याशी जुळवा. अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. पंखा किंवा एसी नंतर लावलात तर सूर हलणार, म्हणून खोली आधीच वाजवण्याच्या स्थितीत ठेवा.

बास सप्तक तपासताना वाद्याला ‘शॉर्ट ऑक्टेव्ह’ आहे का ते पाहा. तशा वाद्यावर सगळ्यात खालची ईची पट्टी सी वाजवते, एफ शार्पची डी आणि जी शार्पची ई. हे माहीत नसलं तर चांगला लागलेला स्वर बिघडवून बसाल. डाव्या हाताला अशक्य वाटणारी मोठी अंतरं त्या काळच्या संगीतात का लिहिली आहेत, याचंही उत्तर पुष्कळदा इथंच मिळतं.

हार्पसिकॉर्ड नसेल तर

बहुतेकांकडे डिजिटल कीबोर्ड असेल. प्रत्येक पट्टीला सेंट देता येत असतील तर ए शून्यावर धरून हे आकडे भरा: सी +१०, सी शार्प −१४, डी +३, ई फ्लॅट +२१, ई −३, एफ +१४, एफ शार्प −१०, जी +७, जी शार्प −१७, ए ०, बी फ्लॅट +१७, बी −७. तयार ‘मीनटोन’ प्रीसेट वापरणार असाल तर दोन गोष्टी पाहा. पुष्कळ प्रीसेट सी शून्यावर धरतात. मग ए १० सेंट उतरतो आणि सोबतच्या वाद्याशी जुळत नाही. दुसरं, ४१५ गाठायला ट्रान्सपोजचं बटण दाबलं तर काही कीबोर्डांत स्वरांचा तक्ताही सरकतो. मास्टर ट्यूनिंगने उतरवा आणि सी-ई वाजवा. तो शांत नसेल तर तक्ता सरकला आहे. हार्मोनियमच्या पत्त्या मात्र या प्रयोगासाठी खरवडू नका, त्या पूर्ववत होत नाहीत.

आता रचना उघडा

पहिलं काम पेन्सिलचं. रचनेत आलेले सगळे शार्प आणि फ्लॅट एका ओळीत लिहून काढा. आपल्या लावणीत पाचच आहेत: सी शार्प, एफ शार्प, जी शार्प, बी फ्लॅट, ई फ्लॅट. यादीत यांपलीकडचा स्वर आला, म्हणजे डी शार्प, ए फ्लॅट किंवा ए शार्प, तर ती जागा गोल करा. मीनटोनमध्ये जी शार्प आणि ए फ्लॅट हे वेगळे स्वर आहेत, त्यांच्यात ४१ सेंटचं अंतर आहे. इटलीत काही हार्पसिकॉर्डना त्यासाठी काळी पट्टी दुभंगून दोन भाग केलेले असत. तशी पट्टी नसलेल्या वाद्यावर बी-डी शार्प वाजवलात तर गंधार ३८६ ऐवजी ४२७ सेंटचा मिळेल.

‘फँटसिया क्रोमॅटिका’चं मूळ स्वरवाक्य असं उतरतं: डी, सी शार्प, सी, बी, बी फ्लॅट, ए. एका बोटाने, हळू वाजवा. पायऱ्या येतात ११७, ७६, ११७, ७६, ११७. लांब, आखूड, लांब, आखूड, लांब. पियानोवर हे घसरणं वाटतं, इथं ते पावलं टाकत उतरणं होतं. उत्तर, म्हणजे तेच वाक्य दुसऱ्या स्वरावरून, एपासून येतं: ए, जी शार्प, जी, एफ शार्प, एफ, ई. मोजून पाहा, तीच चाल. जीपासूनही तीच चाल मिळते.

आता तेच वाक्य सीपासून वाजवा: सी, बी, बी फ्लॅट, ए, मग जी शार्पची पट्टी, मग जी. पायऱ्या होतात ११७, ७६, ११७, ११७, ७६. चाल मोडली, कारण ए फ्लॅटच्या जागी जी शार्प उभा आहे. ईपासूनही मोडते, कारण डी शार्प नाही. हे वाक्य कोणत्या स्वरांवरून सुरू होऊ शकतं आणि कोणत्यांवरून नाही, हे कागदावरच्या सिद्धांतावरून कळायला वेळ लागतो. लावलेल्या वाद्यावर ते दोन मिनिटांत कळतं.

पूर्णविरामाच्या, म्हणजे संगीताचं वाक्य संपतं त्या, जागाही अशाच ऐका. आजचा व्हायोलिनवादक डीकडे जाणारा सी शार्प चढा घेतो. आपला सी शार्प एशी शुद्ध गंधार करतो, म्हणून तो खाली आहे आणि डीपर्यंत त्याला ११७ सेंट चढायचं असतं. त्यामुळे शेवट टोचून येत नाही, रुंद पावलाने येतो. शेवटच्या स्वरसमूहात मोठा गंधार असेल तर गंधारातल्या लाटा एकदम मावळतात. तिथं थांबायला वेळ द्या. लय सांभाळण्याच्या नादात पुष्कळ वादक ही शांतता ऐकण्याआधीच हात उचलतात.

प्रत कोणती वापरता यालाही महत्त्व आहे. स्वेलिंकच्या कीबोर्डच्या रचना इतरांनी उतरवलेल्या हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत आल्या आहेत. चांगल्या संपादित प्रतीत मूळ हस्तलिखितातलं चिन्ह स्वराशेजारी असतं आणि संपादकाने सुचवलेलं लहान अक्षरात स्वराच्या वर. लांडग्यापाशी किंवा ४२७ च्या गंधारापाशी संपादकाचं चिन्ह दिसलं तर ते काढून वाजवून पाहा. मात्र कर्कश लागतं एवढ्यावरून ते चिन्ह चूक ठरत नाही. त्या काळचे वादक रचनेपुरती एखादी खुंटी बदलूनही घेत असतील, आणि कधी कर्कशपणाच हवा असतो. निकाल देण्याआधी तेच वळण त्याच रचनेत दुसरीकडे कसं लिहिलं आहे ते शोधा.

ही लावणी सगळ्या जुन्या संगीताला चालत नाही. ‘फिट्झविल्यम व्हर्जिनल बुक’ या इंग्लिश कीबोर्ड-रचनांच्या जुन्या हस्तलिखित संग्रहातली जॉन बुलची सहा स्वरांची फँटसिया बाराही स्वरांवरून फिरते, तिथं मीनटोन कोलमडतो. बाखच्या १७२२ च्या चोवीस सुरावटींच्या संग्रहाला तर ही लावणी मुळीच लावू नका. ल्यूट (पडदे असलेलं जुनं तंतुवाद्य) सोबतीला असेल तरी सांभाळा. एकच पडदा सगळ्या तारांखालून जातो, म्हणून ल्यूटचे अर्धस्वर सारखेपणाकडे झुकतात. इटालियन ल्यूटवादक विन्चेन्झो गालिलेईने १५८१ मध्ये पडद्यांसाठी १८:१७ चं प्रमाण दिलं, त्याने अर्धस्वर ९९ सेंटचा येतो. अशा वेळी दोन्ही वाद्यं मिळून गंधार तपासा आणि ल्यूटचे हलवता येणारे पडदे थोडे सरकवा.

यादीत डी शार्प आहे पण ई फ्लॅट एकदाही नाही, अशी रचना असेल तर उपाय सोपा आहे. ई फ्लॅटच्या सगळ्या तारा ४१ सेंटनी उतरवा. आकडा पाहू नका, बीवरून शुद्ध गंधार ऐकत उतरवा. आता जी शार्प-डी शार्प पंचम चांगला झाला आणि लांडगा डी शार्प-बी फ्लॅटवर जाऊन बसला. त्या दोन पट्ट्या रचनेत कुठे एकत्र येतात का ते पाहा. येत नसतील तर वाजवायला घ्या, आणि वाजवून झाल्यावर ई फ्लॅट जीच्या गंधाराने परत वर आणून ठेवा.