सेंटर बेअरिंग वारंवार जातंय? या चुका टाळा

जुन्या बोलेरो पिकअपचं किंवा टाटा 207 चं सेंटर बेअरिंग, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या दोन तुकड्यांच्या शाफ्टला मधे आधार देणारं रबरातलं बेअरिंग, एकदा गेलं, तर वय झालं म्हणून सोडून देता येतं. नवं टाकल्यावर दोन-चार महिन्यांत पुन्हा घरघर सुरू झाली, की समजावं, दोष दुसरीकडे आहे आणि बेअरिंग त्याचा मार खातंय. तरीही बहुतेक ठिकाणी कंपनी बदलून तिसरं बेअरिंग बसवलं जातं.

जुनं बेअरिंग न बघता भंगारात टाकणं

निकामी बेअरिंग उजेडात धरून नीट बघा. रबर पुढे किंवा मागे ओढल्यासारखं फाटलं असेल, तर स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा सरकता जोड, अडकतोय. स्प्रिंगचे पाटे दबले की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हायला हवी. स्प्लाइन (त्या जोडातले लांब दाते) कोरडी असेल तर ती होत नाही आणि धक्का रबरावर येतो. रबर सगळीकडून गोल चिरडलं असेल, तर शाफ्ट वाकलाय किंवा त्याचा बॅलन्स गेलाय. रबर फुगून चिकट झालं असेल, तर गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील गळतंय, नाहीतर पावसाळ्याआधी कुणीतरी चासीवर जळकं ऑइल फवारलंय. रबर शाबूत पण गोळ्या गंजलेल्या असतील, तर प्रेशरने धुताना पाणी सीलमधून आत गेलंय.

नवं बेअरिंग शाफ्टवर हातानेच सरकत बसलं, तर सीट, म्हणजे शाफ्टवरची बेअरिंग बसायची जागा, झिजली आहे. तिथे पंचाने टोचे मारणं किंवा पत्र्याची पट्टी घालणं मला मुळीच मान्य नाही. लेथवर सीट भरून मापात आणून घ्या आणि त्यानंतर शाफ्ट बॅलन्स करा.

पाटा वाढवला, अँगल पाहिला नाही

जास्त माल भरता यावा म्हणून मागे एक जादा पाटा टाकतात. गाडीची मागची बाजू उचलते आणि मागच्या शाफ्टचा उतार वाढतो. यू-बोल्ट कसताना टेपर पट्टी (पाट्याखालची पाचरीसारखी पट्टी) उलटी बसली, तर क्राउनचं, म्हणजे मागच्या एक्सलच्या गिअरचं, शाफ्ट जोडायचं तोंडही वर-खाली होतं. मग पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना, विशेषतः चढावर, खालून थरथर येते आणि वेग धरला की थांबते. ड्रायव्हर म्हणतो क्लच, म्हणून क्लचप्लेट बदलली जाते. थरथर तशीच. मग गिअरबॉक्सचं माउंटिंग, मग सेंटर बेअरिंग. नवं रबर घट्ट असल्याने काही दिवस बरं वाटतं, आणि गाडी पुन्हा पिटवर येते. एवढा खर्च होईपर्यंत अँगल मात्र कुणीच मोजलेला नसतो.

क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, अधिकच्या चिन्हासारखा सांधा) तिरका राहून जोर पुढे नेतो, तेव्हा शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात सेंटर बेअरिंगला दोनदा आडवा झटका बसतो. कोन वाढला की झटका वाढतो.

मोजताना गाडी चाकांवर, सपाट जागी उभी हवी. चासीला जॅक लावून एक्सल लोंबकळत ठेवला, तर माप चुकीचंच येणार. गिअरबॉक्स, पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट आणि क्राउनची फ्लँज, अशा चार ठिकाणी डिजिटल अँगल मीटर लावा. गिअरबॉक्स आणि पुढचा शाफ्ट यांच्यात अर्धा ते दीड अंशाचा फरक हवा. मागच्या शाफ्टच्या दोन्ही क्रॉसचे कोन 1 ते 3 अंशांत हवेत आणि त्या दोघांतला फरक 1 अंशाच्या आत. कोन शून्यही नको, कारण मग क्रॉसच्या टोप्यांतल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी दाबून खाचा पाडतात. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. रिकाम्या गाडीचं आणि नेहमीच्या मालासकट, दोन्ही मापं घ्या. क्राउनचं तोंड टेपर पट्टीने आणि सेंटर बेअरिंगची उंची ब्रॅकेटच्या शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवा.

थरथर 60 च्या पुढे सुरू होऊन वेगासोबत वाढत असेल, तर अँगलच्या मागे लागण्याआधी शाफ्ट बघा. बॅलन्सचं वजन पडून गेलंय का, चिखल सुकून चिकटलाय का ते पाहा, आणि डायल गेज लावून मधोमध वाक मोजा. वाक अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा.

खूण न करता शाफ्ट खोलणं

नवशिक्यांची घाई इथे सगळ्यात महाग पडते. 16 दातांच्या स्प्लाइनवर एक दात चुकला, तरी योक (क्रॉस धरणारं शाफ्टचं दुबेळकं) साडेबावीस अंशांनी फिरतो आणि दोन्ही टोकांचे योक जुळत नाहीत, म्हणून थरथर येते. खोलण्याआधी स्प्लाइनच्या दोन्ही बाजूंना आणि फ्लँजवर पंचाची खूण करा. खडूची खूण डिझेलने धुताना जाते.

बाकीच्या चुका

बाहेरच्या रिंगवर हातोडा मारून बेअरिंग बसवू नका. आतल्या रिंगवर टेकेल असा पाइप घेऊन प्रेसने दाबा.

ब्रॅकेटखालचे शिम जसे निघाले तसेच परत घाला.

ब्रॅकेटचे बोल्ट आधी सैल ठेवून गाडी थोडी मागे-पुढे ढकला, रबर मोकळं बसू द्या आणि मग कसा.

क्रॉसमध्ये खेळ असताना नुसतं बेअरिंग बदलणं म्हणजे पैसे वाया.

स्प्लाइनला आणि क्रॉसला दर सर्व्हिसिंगला ग्रीस द्या. क्रॉसच्या चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत पंप मारा. एखाद्या टोपीतून येतच नसेल, तर तो क्रॉस बदला.