आय-94 शोधताना ‘नोंद सापडली नाही’ असे येत असेल तर : माझा अनुभव

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत दाखल झाल्यानंतर आय-94 च्या, म्हणजे परदेशी प्रवाशांच्या प्रवेशनोंदीच्या, सरकारी संकेतस्थळावर माझी प्रवेशनोंद सापडत नव्हती; सर्व रकाने भरूनही ‘नोंद सापडली नाही’ एवढेच उत्तर येत असे. सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि वाहन परवाना, दोन्ही त्या एका कागदावर अडल्यामुळे अक्षरशः डोके पिकले होते. ब्राउझर बदलून, काही दिवस थांबून आणि आपल्याकडच्या गुणपत्रिकेप्रमाणे आडनाव आधी लिहूनही उपयोग झाला नाही.

अखेरीस पुढील क्रमाने काम झाले. प्रथम पासपोर्टमधील व्हिसाच्या तळाशी असलेल्या, यंत्राने वाचण्याच्या दोन ओळी पाहिल्या. वरच्या ओळीत सुरुवातीची पाच सांकेतिक अक्षरे सोडली की ‘<<’ या दुहेरी चिन्हापूर्वी आडनाव असते आणि त्यानंतर उरलेली नावे. माझ्या बाबतीत तेथे वडिलांचे नावही होते, म्हणून ते स्वतःच्या नावानंतर एक जागा सोडून पहिल्या नावाच्याच रकान्यात लिहिले. मग पासपोर्ट क्रमांक. माझा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टवर होता आणि प्रवास दोन्ही पासपोर्ट दाखवून झाला होता. खालच्या ओळीच्या आरंभी असलेला तो जुना क्रमांक भरताच नोंद उघडली.

छापण्यापूर्वी प्रवेशाचा वर्ग ‘एफ-1’ आणि मुदतीपुढे ‘डी/एस’ (ठरावीक तारखेऐवजी विद्यार्थी दर्जा टिकेल तोवर) आहे ना, हे तपासले. एवढ्यानेही नोंद न सापडल्यास किंवा तपशील चुकीचा दिसल्यास पासपोर्ट, व्हिसा आणि आय-20 (विद्यापीठाने दिलेले प्रवेशपात्रतेचे प्रमाणपत्र) घेऊन जवळच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयाशी, म्हणजे अमेरिकी सीमाशुल्क विभागाच्या प्रवेशनोंदी दुरुस्त करणाऱ्या कार्यालयाशी, संपर्क साधावा. दुरुस्ती तेथे होते, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ती करता येत नाही.