सार्कवरचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

इंदुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या वह्या तपासताना, सार्क म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेवरच्या उत्तरात, एक वाक्य हमखास भेटतं: ‘सार्कने युरोपीय संघाचा आदर्श घ्यावा.’ तिथून पुढे उत्तर घसरतं.

पहिलं म्हणजे, हा आदर्श घेण्याआधी तो उलटून बघा. युरोपचा सामाईक बाजार ज्याने उभा केला, त्या 1957 च्या रोम करारात अल्जीरियाचं नाव आहे, कारण तेव्हा तो फ्रान्सचाच भाग होता. आफ्रिकेतल्या वसाहतीही सहयोगी प्रदेश म्हणून त्या बाजाराला जोडल्या होत्या. सहा देश वैर विसरून एकत्र आले एवढंच लिहिलंत, तर अर्धी गोष्ट राहिली.

दुसरी चूक मला जास्त खुपते. ‘इंग्रजांनी जोडलेला उपखंड फाळणीने तुटला, तो परत जोडायचा.’ अरे, पण जोडला कशासाठी होता? आपलं खंडवा बघा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोट रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा इंदूर-खंडवा रेल्वे झाली. ती मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांची. खंडव्यावरून मुंबईला जाणारी मात्र ब्रॉड गेज, रुंद रुळांची. म्हणजे माळव्याचा माल तिथे एका डब्यातून उतरवायचा, दुसऱ्यात चढवायचा. आमचे पैसे, आमचा माल, आणि रूळ बंदराच्या सोयीने. बंगालचंही तेच: तागाची शेतं पूर्वेला, गिरण्या हुगळीकाठी. 1947 ची रेघ नेमकी त्यांच्या मधून गेली.

इथे पूर्व आफ्रिकेचं उदाहरण जरूर द्या. केनिया, युगांडा, टांझानिया यांची रेल्वे, टपाल, जकात इंग्रजांच्या काळापासून एकत्र होती. त्यावरच 1967 मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय उभा केला, आणि दहा वर्षांत तो मोडला. फायदा केनियाकडेच जातो, ही बाकी दोघांची जुनी तक्रार होती.

‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’ लिहून मोकळं होऊ नका. सार्कची सनद उघडा, कलम 10: निर्णय एकमतानेच, आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेबाहेर.

दाखला हवाच असेल तर घरचा द्या. 1948 मध्ये संस्थानं मिळून मध्य भारत हे राज्य झालं, तेव्हा राजधानी ग्वाल्हेर की इंदूर यावर अडलं. शेवटी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर असं ठरलं. तोडगा खर्चाचाच होता. पण शिंदे आणि होळकर दोघांचा मान त्यात राहिला.