बिल पाहून चिडण्याआधी : घरखर्चातल्या या चुका टाळा

घरखर्चातल्या कोणत्या खर्चाची चीड सर्वांत जास्त येते, याचा विचार केला तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. घराचा हप्ता किंवा मुलांची फी या रकमा कितीतरी मोठ्या असतात, पण त्या आधीपासून ठाऊक असतात. अशा खर्चावर माणूस कुरकुरतो, पण चिडत नाही. चीड येते ती विजेच्या बिलाची, अपेक्षेआधीच संपलेल्या सिलिंडरची, ‘परवाच तर केला होता’ असे वाटायला लावणाऱ्या मोबाईल रिचार्जची आणि सोसायटीच्या पावतीवर अचानक उगवलेल्या एखाद्या नव्या ओळीची. ही रक्कम कशी झाली हे आपल्याला कळलेले नसते, आणि त्यामुळे आपण फसवले गेलो आहोत की नाही, हेही ठरवता येत नाही. म्हणून या खर्चांत नेमके कुठे पाहावे आणि आपण सहसा कुठे चुकतो, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

वीजबिलाचा फक्त शेवटचा आकडा पाहणे

महावितरणचे बिल हातात पडले की बहुतेकांची नजर थेट देय रकमेवर जाते, आणि ती रक्कम मागच्यापेक्षा मोठी असली की ‘मीटर पळतो आहे’ हा निकाल तिथल्या तिथे लागतो. वास्तविक आधी पाहायला हवे ते चालू रीडिंग आणि मागील रीडिंग. चालू रीडिंग मीटरवर दिसणाऱ्या आकड्याशी जुळते का, आणि ते खरोखर घेतलेले आहे की त्या जागी ‘लॉक’ किंवा तत्सम शेरा मारून सरासरीने बिल काढलेले आहे, हे कळले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

सरासरीचे बिल कमी आले म्हणून खूश होणे ही यातली मोठी चूक. समजा, घर बंद असल्यामुळे दोन महिने रीडिंग मिळाले नाही आणि तिसऱ्या महिन्यात तीन महिन्यांची मिळून ३६० युनिट एकदम नोंदली गेली. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे, असे आहेत. ही ३६० युनिट एकाच महिन्याची धरली, तर १०० युनिट पहिल्या, २०० दुसऱ्या आणि ६० तिसऱ्या टप्प्यात जातील. तीच तीन महिन्यांत विभागली, तर दरमहा १२० युनिट होतात, म्हणजे ३०० युनिटना पहिला दर आणि केवळ ६० युनिटना दुसरा दर लागतो. गेली काही वर्षे दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक राहिलेला असल्यामुळे हा फरक किरकोळ नसतो. अशा वेळी टप्प्यांचा लाभ सर्व महिन्यांसाठी दिला आहे का, आणि आधी भरलेल्या सरासरी बिलांची रक्कम वजा केली आहे का, हे दोन्ही बिलावर तपासावे. तसे नसेल, तर रीडिंगचा तारखेसह फोटो जोडून लेखी तक्रार करावी.

याच टप्प्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. १०० युनिटच्या वर एक युनिट गेले की सगळेच बिल वरच्या दराने लागते, असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात आणि महिनाअखेरीस घरातले पंखे बंद करत फिरतात. प्रत्यक्षात वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो, पहिल्या १०० युनिटचा दर तोच राहतो. युनिट तेवढीच असूनही बिल वाढले असेल, तर इंधन समायोजन आकाराची (म्हणजे इंधनखर्चातल्या चढउतारापोटी लागणाऱ्या रकमेची) ओळ पाहावी, कारण तो महिन्यागणिक बदलू शकतो, आणि त्याच्यावर पुन्हा १६ टक्के वीज शुल्क बसते.

उन्हाळ्यात येणारे अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे बिल हा आणखी एक संतापाचा विषय. एकाच महिन्यात दोन बिले कशी, असे म्हणून लोक ते बाजूला ठेवून देतात. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव मासिक सरासरी बिलाच्या दुप्पट असावी लागते, आणि वापर वाढला की फरकाची मागणी होते. हा खर्च नव्हे, ठेव आहे. तिच्यावर व्याज मिळते आणि जोडणी बंद करताना ती परत मागता येते. त्या क्षणी खिशातून पैसे जातातच, त्यामुळे हे समाधान थोडे कोरडे वाटेल, हे मान्य.

मीटरबद्दल खरोखरच शंका असेल, तर तक्रारीपूर्वी दहा मिनिटांत करता येण्याजोग्या दोन चाचण्या आहेत. पहिली म्हणजे घराचा मेन स्विच बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहणे. घरात काहीच चालू नसताना तो लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुठेतरी वीज जाते आहे. कधी जिन्यातला दिवा चुकून आपल्या मीटरवर जोडलेला निघतो, कधी जुन्या वायरिंगमधली गळती असते. दुसरी चाचणी थोडी मौजेची आहे. मीटरच्या दर्शनी पट्टीवर एका युनिटमागे दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. घरातले सगळे बंद करून बादलीभर पाण्यात १००० वॅटचा हीटर रॉड लावावा आणि मिनिटभर लुकलुकणे मोजावे. एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास, म्हणून ३२०० ला ६० ने भागून मिनिटाला सुमारे ५३ हा आकडा यायला हवा. दाब कमीजास्त असल्याने ५० किंवा ५६ आले तर काही बिघडत नाही, पण ८० आले, तर मीटर तपासणीचा अर्ज देण्यास सबळ कारण आहे. इस्त्री यासाठी वापरू नये, कारण ती मध्येच आपोआप बंद होते आणि मोजणी चुकते. रॉडचे बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

बिल चुकीचे आहे म्हणून ते भरायचेच नाही, हा हट्ट मात्र महागात पडतो. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ‘निषेध नोंदवून रक्कम भरत आहे’ असे अर्जात लिहिण्याची सवय आपल्याकडे नाही. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक टिपून ठेवावा, उत्तर मिळाले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे, आणि तिथल्या निर्णयाने समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालाकडे. मंचासमोर वकील लागत नाही, पण लेखी कागद नसेल, तर तिथे सांगण्यासारखे काही उरत नाही.

सिलिंडर लवकर संपला की डिलिव्हरीवाल्याला दोष देणे

आमच्या घरी एरवी ४५ दिवस पुरणारा सिलिंडर एका पावसाळ्यात ३३ दिवसांत संपला. वितरकाने वजन मारले, असे मी ठरवूनच टाकले होते आणि तक्रारीचा मसुदाही मनात तयार होता. आईने मात्र आधी शेगडी पेटवून दाखवली: मोठ्या बर्नरची ज्योत निळी नव्हे, पिवळट होती, आणि महिनाभर भांड्यांची बुडे काळी होत होती. मग कुकर लावला, तेव्हा शिट्टी होण्याऐवजी झाकणाच्या कडेने वाफ निसटताना दिसली. बर्नरची छिद्रे टाचणीने मोकळी केली, कुकरची रिंग बदलली आणि पुढचा सिलिंडर ४४ दिवस गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा तो प्रकार थोडक्यात टळला.

याचा अर्थ वजन कधी कमी नसते, असा नव्हे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांवर रंगवलेले असते. या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे भरलेल्या सिलिंडरचे वजन. सिलिंडर घरी आणून देणाऱ्याने वजनकाटा सोबत ठेवणे अपेक्षित आहे, तेव्हा सील तोडण्यापूर्वी तो मागावा. तो नसेल, तर घरातला माणसांचा वजनकाटाही अंदाजापुरता चालतो. सील तोडून जोडल्यानंतर केलेल्या वजनाच्या तक्रारीला अर्थ राहत नाही, आणि बहुतेकजण नेमके तेव्हाच तक्रार करतात. त्याच पट्टीवर ‘बी २७’ अशी खूणही असते. ए, बी, सी, डी ही वर्षाच्या चार तिमाह्या दाखवणारी अक्षरे आहेत. म्हणजे बी २७ चा सिलिंडर जून २०२७ पर्यंत वापरण्यायोग्य, त्यानंतर त्याची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.

पावतीवरच्या किमतीत घरपोच देण्याचे शुल्क धरलेले असते, त्यामुळे वरचे वीस-तीस रुपये देणे बंधनकारक नाही. चौथ्या मजल्यावर खांद्यावरून सिलिंडर चढवणाऱ्याला कोणी खुशीने काही दिले, तर तो वेगळा विषय; पण पावती न घेता मागितलेली रक्कम द्यायची आणि नंतर धुसफुसत राहायचे, हे टाळावे. नवा सिलिंडर जोडला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर ‘गॅस’ असे लिहिण्याची पूर्वीची पद्धत मोडली, तेव्हापासून सिलिंडर ‘फारच लवकर’ संपू लागले आहेत, असा माझा संशय आहे.

रिचार्जचा महिना आणि दिनदर्शिकेचा महिना एकच समजणे

२८ दिवसांचा रिचार्ज वर्षाला १२ वेळा नव्हे, १३ वेळा करावा लागतो, कारण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. ८४ दिवसांचा रिचार्जही तीन महिन्यांचा नसतो. चार केले तरी ३३६ दिवसच होतात आणि २९ दिवस उघडे पडतात. म्हणून योजना निवडताना किमतीला दिवसांनी भागून एका दिवसाचा खर्च काढावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२२ च्या आदेशापासून प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी योजना ठेवावी लागते, आणि डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर केवळ बोलणे व एसएमएस यांसाठीची, डेटा नसलेली योजनाही. साधा फोन वापरणाऱ्या आजीच्या क्रमांकावर रोज दीड जीबी डेटा भरत राहणे, ही घरोघरी चाललेली उधळपट्टी आहे.

तेलाच्या डब्यावरचे ‘लिटर’ आणि ‘किलो’ न पाहणे

दिवाळीच्या आधी तेलाचा डबा घेताना दोन दुकानांच्या भावांत शंभर-दोनशे रुपयांचा फरक दिसतो आणि आपण स्वस्त डबा उचलतो. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम असते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते, तर १५ किलोच्या डब्यात पूर्ण १५ किलो. डबे शेजारी ठेवले, तर फरक डोळ्यांना जाणवत नाही. तो लागतो महिनाअखेरीस. पिशव्यांचेही तेच: एक पिशवी लिटरची, दुसरी ७५० ग्रॅमची, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. वेष्टनावर प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर किंमत छापण्याचा नियम आहे. ती बारीक अक्षरे वाचावीत आणि तुलना नेहमी वजनावर करावी. बिस्किटे आणि साबण यांची किंमत तीच राहून वजन घटते, तेही तिथेच पकडता येते.

सोसायटीचे शुल्क अडवून ठेवणे

गळती दुरुस्त झाली नाही म्हणून देखभाल शुल्कच भरायचे नाही, हा राग समजण्यासारखा असला, तरी थकबाकीवर व्याज चढत राहते आणि मूळ तक्रार बाजूला पडून आपणच थकबाकीदार ठरतो. हरकत लेखी नोंदवून, पोच घेऊन शुल्क भरावे आणि हिशोब पाहायला मागावा. सभासदाला तो अधिकार आहे, आणि ३० सप्टेंबरपर्यंत होणारी वार्षिक सर्वसाधारण सभा हे प्रश्न विचारण्याचे ठिकाण आहे. महाराष्ट्रात आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर ठरते, आणि सदनिका भाड्याने दिल्यास आकारले जाणारे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पावतीवरची एखादी ओळ खटकली, तर ती या नियमांशी ताडून पाहावी.

पासबुकातली ओळखू न येणारी वजावट

मे महिन्याच्या अखेरीस अनेकांच्या खात्यातून ४३६ आणि २० रुपये जातात आणि बँकेने काहीतरी कापले, अशी बोंब होते. ते प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वर्षाचे हप्ते असतात, आणि १ जून ते ३१ मे या काळासाठी प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण त्यातून मिळते. चूक वेगळीच असते: दोन बँकांत खाती असतील, तर कधीकाळी भरलेल्या दोन अर्जांमुळे हा हप्ता दोन्हीकडून जातो, पण दावा मात्र एकदाच, दोन लाखांपुरताच मिळतो. दोन्ही पासबुकांतल्या मे महिन्याच्या नोंदी समोरासमोर ठेवून पाहाव्यात, आणि हप्ता दोनदा गेलेला आढळला, तर एका बँकेत लेखी अर्ज देऊन पुढची वजावट थांबवावी. हा अर्ज पुढचा मे उजाडण्यापूर्वी द्यायचा असतो.