अर्ज, पोच आणि पाठपुरावा : विद्यार्थी प्रतिनिधीने काम कसे करावे

वर्ग प्रतिनिधी किंवा विद्यार्थी परिषदेचा सचिव म्हणून नाव जाहीर झाले की पहिल्या आठवड्यात अभिनंदनाचे फलक लागतात आणि दुसऱ्या आठवड्यात स्नेहसंमेलनाची चर्चा सुरू होते. या गडबडीत एक दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही विकत घ्यावी, हे माझे पहिले सांगणे आहे. तिच्यात पाच रकाने आखावेत : तारीख, विद्यार्थ्याचे नाव व वर्ग, अडचण, ती कोणत्या टेबलावर अडली आहे, आणि शेवटी विद्यार्थ्याला काय उत्तर दिले व कधी दिले. एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी दोन वर्षे हे काम केले, आणि पाचवा रकाना रिकामा असेल तर काम झालेले नाही, असे समजण्याची सवय लावून घेतली. अडचण सुटली तरी ज्याची होती त्याला कळले नाही, तर त्याच्या लेखी ती सुटलेली नसते; सुटली नाही, पण का सुटली नाही हे त्याला नीट समजावून सांगितले, तर पुढच्या वेळी तोच विद्यार्थी आणखी दोघांना घेऊन येतो.

आपण या पदावर कसे आलो, हेही आधी समजून घ्यावे. विद्यार्थी निवडणुकांतील हिंसाचारामुळे महाराष्ट्रात 1990 च्या दशकाच्या आरंभी खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्तेनुसार नेमणूक करण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मधील कलम 99 ने विद्यापीठ आणि महाविद्यालय या दोन्ही पातळ्यांवरील विद्यार्थी परिषदेसाठी पुन्हा निवडणुकीची वाट मोकळी केली. परंतु 2019 मध्ये त्या होण्याची चिन्हे दिसत असतानाच विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या. गुणपत्रिकेच्या बळावर नेमलेल्या प्रतिनिधीला ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांनी मत दिलेले नसते, आणि ही उणीव त्याने स्वतःच भरून काढायची असते. त्यासाठी पहिल्या महिन्यात प्रत्येक वर्गात, तासिकेची शेवटची पाच मिनिटे शिक्षकांकडून मागून घेऊन, समोर उभे राहावे, कोणत्या वारी किती वाजता आपण कुठे बसणार ते सांगावे, आणि त्या वेळी तिथे खरोखर बसावे. जिथे निवडणूक होते, तिथल्या उमेदवाराने विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी वाचून घ्याव्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये त्या लागू केल्या असून किमान 75 टक्के उपस्थिती, जास्तीत जास्त 5000 रुपये खर्च आणि छापील भित्तिपत्रकांना मनाई ही बंधने त्यांतूनच आली आहेत.

विद्यार्थ्यांना काय हवे आहे, हे बैठक बोलावून फारसे कळत नाही, कारण बैठकीत बोलणारे तेच चार-पाच जण असतात. परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली की परीक्षा विभागाच्या खिडकीपासून चार पावलांवर सलग तीन दिवस उभे राहावे आणि रांगेतला प्रत्येक जण काय विचारतो ते जसेच्या तसे टिपावे. आम्ही असे टिपले तेव्हा लक्षात आले की बहुतेक प्रश्न फिरून फिरून तेच होते : एटीकेटीच्या, म्हणजे मागे राहिलेल्या, विषयांचा अर्ज वेगळा भरायचा का, विलंब शुल्क कोणत्या तारखेपासून लागते, आणि हॉल तिकिटावर नाव चुकीचे छापले तर कोणाकडे जायचे. त्याच संध्याकाळी या तीन प्रश्नांची उत्तरे परीक्षा विभागाकडून तपासून घेतली, मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहिली आणि खिडकीच्या वर चिकटवली. दुसऱ्या दिवशी रांग निम्म्याहून कमी वेळात सरकू लागली, आणि पुढच्या सत्रात खिडकीमागच्या लिपिकांनी आपणहून विचारले की तो कागद यंदा कधी लावणार.

रांगेतही न दिसणारे विद्यार्थी मात्र वेगळे शोधावे लागतात. ज्या मुलीची गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटते, तिला रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका मंजूर करून काही मिळत नाही. सकाळच्या गाडीने ती साडेसातलाच पोहोचते आणि पहिल्या तासिकेपर्यंत व्हरांड्यात बसून राहते, म्हणून तिला अभ्यासिका सकाळी लवकर उघडलेली हवी असते. ही मागणी आमच्याकडे कोणीही लेखी दिली नव्हती. बसस्थानकावर एक सकाळ घालवल्यावर ती दिसली.

सगळ्यांत जास्त वेळ शिष्यवृत्तीच्या कामांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे, कारण तिथे एका चुकीच्या अंकामुळे एखाद्याचे वर्ष अडू शकते. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर विद्यार्थ्याने भरलेला अर्ज आधी महाविद्यालयाच्या पातळीवर तपासला जातो आणि मग संबंधित विभागाकडे जातो. वाटेत कुठे त्रुटी निघाली तर तो विद्यार्थ्याकडे परत पाठवला जातो आणि दुरुस्त करून पुन्हा भरावा लागतो. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी फेब्रुवारीत माझ्याकडे आली तेव्हा तिचा अर्ज 'प्रलंबित' आहे एवढेच तिला ठाऊक होते. आम्ही दोघे महाविद्यालयाच्या संगणकासमोर बसलो, तर अर्ज दोन महिन्यांपूर्वीच परत आलेला होता : उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा जोडला गेला होता. तिला कळले नव्हते, कारण नोंदणी करताना दिलेला मोबाइल क्रमांक तिचा नव्हता, तर गावातल्या नेट कॅफेवाल्याचा होता, आणि सगळे ओटीपी व सगळे संदेश त्याच्याकडे जात होते. तिने नवा दाखला काढला, कॅफेवाल्याला गाठून क्रमांक बदलून घेतला आणि मुदत संपण्याच्या आत अर्ज पुन्हा भरला.

त्या दिवसापासून दर वर्षी अर्ज सुरू होण्याच्या आठवड्यात आम्ही एक मदतकक्ष लावू लागलो आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारू लागलो. नोंदवलेला मोबाइल क्रमांक तुमच्याच हातात आहे का. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का. आणि आधार शेवटचे कोणत्या बँक खात्याला जोडले आहे, कारण रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यापेक्षा आधारशी जोडलेल्या खात्यात जाते आणि ते खाते बंद पडलेले असेल तर पैसे अडकतात. योजनांची माहितीही प्रतिनिधीला तोंडपाठ असली पाहिजे. राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांत फरक काय, हे पहिल्या वर्षाच्या मुलाला कोणीतरी बसवून सांगावे लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. तरीही एखाद्या मुलीकडे पूर्ण शुल्क मागितले गेल्याचे कळले, तर त्याच दिवशी शासन निर्णयाची प्रत घेऊन कार्यालयात जावे.

कार्यालयात जाताना तोंडी बोलण्यावर कधीही थांबू नये. एका अर्जात एकच विषय असावा, तो त्या विषयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या नावे असावा, आणि शेवटच्या परिच्छेदात नेमके काय व्हावे आणि कोणत्या तारखेपर्यंत व्हावे हे लिहिलेले असावे. 'वसतिगृहातील पाण्याची समस्या सोडवावी' असे लिहिले की त्यावर कोणालाच काही करता येत नाही. 'दुसऱ्या मजल्यावरील दोन्ही शुद्धीकरण यंत्रे 3 तारखेपासून बंद असून ती दुरुस्त होईपर्यंत रोज पाण्याचे जार पुरवावेत' असे लिहिले, तर वसतिगृह अधीक्षकांना त्यावर सही करून काम पुढे पाठवता येते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, आवक विभागात एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती पोच वहीत चिकटवावी. शिक्का देण्यास कोणी टाळाटाळ केली तर वाद घालू नये. तोच अर्ज महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. आणि आवक विभागातल्या लिपिकांशी आदराने वागावे. फाइल कुठे आहे हे प्राचार्यांपेक्षा त्यांना आधी माहीत असते, आणि वर्षभर त्यांच्याकडेच जायचे असते.

उत्तर आले नाही तर पुढची पायरी ठरलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्यावर एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून घ्यावा लागतो. मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे, शुल्क परत न करणे, वेळापत्रकाच्या बाहेर निकाल लांबवणे, शिष्यवृत्ती न देणे, जाहीर केलेल्या सुविधा न पुरवणे हे सगळे तिच्या कक्षेत येते. समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, असे विनियम सांगतात. निर्णय पटला नाही तर त्यानंतर 15 दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. मात्र गुण वाढवून मिळावेत एवढ्यासाठी लोकपालांकडे जाता येत नाही. मूल्यमापनात निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता दाखवावी लागते. म्हणून निकालाबद्दल तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला सांगावे, संबंधित विषयाच्या शिक्षकांसमोर ती उघडून बघावी, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरायचे की नाही ते ठरवू द्यावे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये माहिती अधिकाराच्या कक्षेत मान्य केला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज हे साधन स्वतंत्रपणेही उपयोगी आहे : शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही साधारण 150 शब्दांत. ते जपून वापरावे. जे एका भेटीत कळू शकते, त्यासाठी कार्यालयाला महिनाभर कामाला लावू नये.

काही गोष्टी प्रतिनिधीने स्वतः हाताळू नयेत, आणि याबाबत मी अगदी आग्रही आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडेच जायला हवी. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत ती द्यायची असते, आणि प्रतिनिधीचे काम तक्रारदार विद्यार्थिनीला ही मुदत सांगणे, ती म्हणेल तर समितीपर्यंत सोबत जाणे आणि अन्य कोणाकडे शब्दही न काढणे, इतकेच आहे. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा राष्ट्रीय क्रमांक चोवीस तास चालू असतो. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलला, तर त्याला एकटे सोडू नये, लगेच वसतिगृह अधीक्षक किंवा जवळच्या शिक्षकांना बोलवावे आणि टेली मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर त्याचे बोलणे करून द्यावे. या तीनही प्रकारांची नोंद वहीत करू नये. ती वही दहा जणांच्या हातांतून जाते.

परिषदेच्या बैठकांचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सूचना फलकावर लावावे. स्नेहसंमेलनाचा पैसा कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा क्यूआर कोडवर गोळा करू नये. महाविद्यालयाच्या खात्यात भरावा, मांडव व ध्वनिव्यवस्थेसाठी तीन दरपत्रके घ्यावीत आणि प्रत्येक बिलाची प्रत ठेवावी. विद्यार्थी संघटना आंदोलनासाठी पाठिंबा मागतात, तेव्हा त्यांच्याकडे असलेली माहिती जरूर घ्यावी, कारण अनेकदा ती आपल्यापेक्षा पक्की असते. पण परिषदेचे पत्र वर्गांमध्ये जाऊन विचारल्याशिवाय कोणाच्याही निवेदनाला जोडू नये.

वर्ष संपताना, शेवटच्या परीक्षेच्या आधी, नव्या प्रतिनिधीला बोलवावे. तो अजून ठरलेला नसेल तर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांच्या समोर बसून वही त्यांच्याकडे द्यावी. ज्या नोंदींचा पाचवा रकाना रिकामा आहे त्या लाल शाईने अधोरेखित कराव्यात, प्रत्येकीच्या पुढे आवक क्रमांक आणि ज्या टेबलावर फाइल थांबली आहे त्याचे नाव लिहावे. माझ्या वहीत शेवटी अशा सात नोंदी उरल्या होत्या. त्यांतली एक सकाळच्या अभ्यासिकेची होती. माझ्यानंतर आलेल्या मुलीने तिचा पाठपुरावा केला, आणि ऑगस्टमध्ये मी सहज महाविद्यालयात गेलो तेव्हा सकाळी पावणेआठला अभ्यासिकेचे दार उघडे होते, आत दिवे लागलेले होते आणि दप्तरे बाकांवर ठेवून पाच-सहा मुली वाचत बसल्या होत्या.